गाडीकडे तोंड करून

यंदाची वेचणी सुरू झाली हे मला गावाकडून कुणी कळवलं नाही. परभणीच्या वसतिगृहाच्या गच्चीवर वाळत घातलेली ओढणी काढायला गेले, तर तिला कापसाचा एक पुंजका चिकटलेला. कापूस भरून जिनिंगच्या कारखान्याकडं जाणाऱ्या एखाद्या गाडीतून उडाला असणार. या दिवसांत रस्त्याकडेच्या बाभळींना, विजेच्या तारांना, दुकानांच्या पाट्यांना असे पांढरे पुंजके लोंबत असतात. माझ्या खोलीतल्या मुलींना तो कचरा वाटतो. मी तो चिमटीत धरला, आतली सरकी बोटानं चाचपली आणि मला मायची आठवण आली. सकाळचे साडेआठ झाले होते. म्हणजे माय आत्ता रस्त्यावर असेल.

‘रस्त्यावर असेल’ असं मनात आलं की पूर्वी मला धास्ती वाटायची. आता वाटत नाही. ती का वाटत नाही, एवढंच मला लिहायचं आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. त्यामुळं काहीही लिहिताना सारखं वाटत राहतं, की हे आधी कुणीतरी तपासून बघावं. पण सांगू की नको या विचारात मी एकदा चार दिवस घालवले होते. म्हणून आता जसं येतं तसं लिहिते.

आमचं गाव झरी आणि बोरीच्या मधे, अगदी सडकेला लागून. मायची टोळी ज्या रानात वेचायला जाते ते झरीच्या अंगाला, दोनेक किलोमीटरवर. गाव आणि रान सडकेच्या एकाच बाजूला आहेत. हे ध्यानात राहू द्या, पुढं लागणार आहे. आमच्या मात्र ते दहा वर्षं ध्यानात आलं नव्हतं.

वेचणीची सकाळ मला सगळ्यात आधी कपड्यांवरून आठवते. माय लुगड्यावर दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना फुल बाह्यांचा सदरा घालते, बाह्यांची बटणं लावते, डोक्याला दस्ती बांधते. टोळीतल्या नऊही बाया अशाच. लांबून बघितलं तर बाई कोण आणि गडी कोण ते कळत नाही. सुमनकाकू म्हणजे टोळीतली सगळ्यात तोंडाळ बाई. तिच्या सदऱ्याच्या खिशात तंबाखूची डबी असते आणि ती म्हणते, “नवऱ्याचा सदरा घातला की नवऱ्यागत खिसा बी भरावा लागतो.” पुढं चालायची ती कौसाआजी. तिचं वय तिलाही माहीत नाही. टोळीत सगळ्यात जास्त कापूस अजूनही तिचाच भरतो.

धुकं असतं. रस्त्याकडेच्या गवतावरचं दव चपलेतून बोटांत शिरतं. कुठंतरी सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग धुमसत असतो, त्याचा कडवट वास. भाकरीची गठुडी हातात हिंदकळतात. आणि रानात शिरल्यावर तो पांढरा पसारा. कापूस भरायला ओटीला धडपं, म्हणजे पांढरा फडका, बांधायचं आणि वाकायचं. पहिला तास बोलणं चालतं, मग नुसता बोटांचा आवाज. वाळल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला घुसतात. संध्याकाळी बोटं मिठाचं पाणी लागू देत नाहीत. मी सहावीपासून सुट्टीत वेचायला जाते, माझ्याही नखांना त्या खुणा आहेत. कॉलेजात पेन धरताना कधीकधी मी त्या झाकते. अलीकडे झाकत नाही.

संध्याकाळ वेगळी. कापूस मालकाच्या गाडीत जातो, पण बाया मोकळ्या हातानं घरी येत नाहीत. धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत कापून त्याचा भारा बांधायचा आणि डोक्यावर घ्यायचा. घरी शेळी असते, कुणाची म्हैस असते. दिवसभर दुसऱ्याच्या रानात वाकल्यावर हे तेवढं आपलं. भारा मोठा असेल तर गवत कानांवर, कपाळावर लोंबतं. अशा नऊ बाया एकीमागं एक चालायला लागल्या की वाटतं, सडकेच्या कडेनं गवताच्या गंज्याच चालल्यात.

मी लहान होते तेव्हा ती सडक डांबरी होती, खड्ड्यांची. गाड्याच आमच्या वेगानं चालायच्या. मग ती सिमेंटची झाली, रुंद झाली. चांगलं झालं, बस अर्ध्या वेळात परभणीला पोचते. पण सिमेंटची कड बाजूच्या मुरमाहून वीतभर उंच आहे. भारा घेऊन खाली उतरायचं म्हणजे पाय चाचपत उतरावं लागतं. म्हणून बाया कडेवरूनच चालतात. आणि आता गाड्या आमच्या वेगानं चालत नाहीत.

चौथीत होते मी. आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगानं वाहतुकीचे नियम लिहिले होते. बाईंनी ते वहीत उतरवून आणायला सांगितले. संध्याकाळी माय भाकरी थापत होती आणि मी चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचत होते. ‘नेहमी डाव्या बाजूने चला.’

माय थापायची थांबली. “म्हंजी कोनत्या?”

“अगं, ज्या हातानं जेवत नाहीस त्या.”

“आन् आमी तर कुनीकडनं बी चालतोत.”

“मग चुकायलाव तुमी,” मी म्हणाले. नऊ वर्षांची होते, पण आवाज बाईंचा काढला होता. “भिंतीवर लिव्हलंय.”

मायला वाचता येत नाही. भिंतीवर लिहिलेलं तिच्या घरापर्यंत आलं ते माझ्या तोंडून. दुसऱ्या दिवसापासून ती डावीकडून चालायला लागली आणि आठ दिवसांत तिनं सगळ्या टोळीला डावीकडं आणलं. कुणी मधे गेली की हाक मारायची, “ए बाई, डावी धर! आमच्या पोरीनं वाचलंय.” सुमनकाकू मला ‘सडकबाई’ म्हणायला लागली. मला त्याचा केवढा अभिमान होता! शाळेत जाताना त्या नऊ जणी डाव्या कडेनं ओळीत चाललेल्या दिसल्या की वाटायचं, माझा अभ्यास चाललाय रस्त्यावरून.

त्या भिंतीवर नियमाच्या शेजारी एक चित्र होतं. त्यात सायकल होती आणि सायकलवर एक मुलगा होता. पायी चालणारं माणूस चित्रात नव्हतंच. ते मला दिसलं नाही. दहा वर्षं दिसलं नाही.

परभणीला आले तेव्हा मला रस्ता ओलांडता येत नव्हता. गावाकडच्या माणसाला हे सांगायची लाज वाटते. बसस्टँडच्या बाहेर पहिल्या आठवड्यात मी पाऊण तास उभी होते. एक पाय पुढं, परत मागं. गाडी आली की गाडीकडं बघायचं, गेली की दुसरीकडं, आणि सगळीकडून गाड्याच. एकदा निघालेच तर एक रिक्षा कचकन थांबली. रिक्षावाला वयानं दादांएवढा. मला वाटलं आता शिव्या देणार. तो मान बाहेर काढून म्हणाला, “ओ ताई, रिक्षाकडं काय बघायलाव? माझ्याकडं बघा ना! तुमी माझ्याकडं बघितलं तर मला कळंल, जायचंय का थांबायचंय. रिक्षाला डोळे हाईत का?”

मग हातानं ‘जा’ म्हणाला. मी गेले. त्या दिवसापासून मला रस्ता ओलांडता येतो. थांबायचं, दोन्हीकडं बघायचं, गाडी चालवणाऱ्याचे डोळे शोधायचे. त्यानं आपल्याला पाहिलंय हे कळल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. पळायचं तर अजिबात नाही. मला शहरात आल्यावर आलेली ही पहिली विद्या. ती वर्गात मिळाली नाही, पण तिचा उपयोग मी रोज करते.

वर्गातली विद्या नंतर मिळाली. दिवाळीच्या सुट्टीआधी कॉलेजात रस्ता सुरक्षेवर एक कार्यक्रम झाला. बोलायला आलेल्या सरांनी फळ्यावर रस्ता काढला आणि सांगितलं, की जिथं फूटपाथ नाही तिथं पायी चालणाऱ्यानं उजव्या कडेनं चालावं. म्हणजे त्याच्या बाजूच्या गाड्या समोरून येतात आणि त्याला दिसतात. डावी बाजू गाड्यांची. माणूस डावीकडून चालला तर गाड्या त्याच्या पाठीवर येतात.

सभागृहात मुलं हसतखिदळत होती. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मला फळ्यावरच्या रस्त्यावर नऊ बाया दिसत होत्या. हात वर करून विचारावं वाटलं, “सर, भारा डोक्यावर असेल तर?” पण हात वर गेला नाही. मी फक्त वहीत लिहून घेतलं. खाली दोनदा रेघ मारली.

सुट्टीला घरी आले. सांगायचंच, असं ठरवून आले होते. पण घरी पाऊल ठेवलं आणि माय शेजारणीला सांगत होती, “आमची पोरगी म्हनली की झालं. वाचल्याबिगर काय बोलत न्हाई ती.” माझे शब्द तिथंच अडकले. आमच्यासारख्या घरात शिकणाऱ्या पोरीचा शब्द म्हणजे काय असतं, हे ज्यांच्या घरात चार पिढ्या पुस्तकं आहेत त्यांना कसं सांगू? माझी एक चूक निघाली तर सगळंच चूक ठरेल, असं वाटायचं. कॉलेज, वसतिगृह, माझं शहरात राहणं, सगळं. शिवाय वाटायचं, तीस-तीस वर्षं या रस्त्यानं चालणाऱ्या बायांना मी काय सांगणार? आधी एकदा सांगितलंच होतं की.

पहिला दिवस गेला. मी टोळीबरोबर वेचायला गेले, येताना डावीकडूनच आले. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सुमनकाकूनं विचारलंसुद्धा, “काय गं सडकबाई, मागं वळून वळून काय बघायलीस? कोन यायचंय का परभनीहून?” सगळ्या हसल्या. मीही हसले. माझ्या डोक्यावर भारा नव्हता, म्हणून मला वळता येत होतं. पण तेव्हा हे सुचलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दिवस नुकताच बुडाला होता. उसाचा हंगाम सुरू झालेला. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागून आला, मोठ्यानं गाणं लावलेलं. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला. मी ओळीत सगळ्यात मागं होते, मी खाली मुरमात उतरले आणि ओरडले, “गाडी, गाडी!” पुढच्या दोघी उतरल्या. माय त्यांच्या पुढं होती. तिनं ऐकलंच नाही. पहिली ट्रॉली गेली. दुसरीतल्या उसाचे शेंडे मायच्या भाऱ्यात अडकले, माय भोवऱ्यासारखी गरकन फिरली आणि कडेवरून खाली पडली.

ट्रॅक्टर तसाच पुढं गेला. त्याला कळलंसुद्धा नसणार. गाणं लांब जाईपर्यंत ऐकू येत होतं. मी पोचले तेव्हा माय मुरमात बसली होती, गवत सगळीकडं पसरलेलं, उजव्या हातातल्या बांगड्या फुटलेल्या, मनगट दुसऱ्या हातानं धरलेलं. तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य मी कधी विसरणार नाही.

“म्या तर डावीकडनंच चालले व्हते गं.”

रागानं नाही म्हणाली ती. एखादं पोर परीक्षेत नापास झाल्यावर म्हणतं ना, की मी तर सगळं सांगितलं तसंच लिहिलं होतं, तशी म्हणाली.

हाड मोडलं नव्हतं. मनगट सुजलं होतं. रात्रीच्या भाकरी मी केल्या. मायच्या हाताला हळद-चुन्याचा लेप लावताना मी खाली मान घालून सगळं सांगितलं. भिंतीवरची सायकल, कॉलेजातला फळा, चार दिवस. लेप लावून झाला तरी माझी मान वर होईना.

मायनं लेप लावलेला हात चुलीच्या उजेडात धरून बघितला. मग म्हणाली, “चौथीत चुकलीस ते जाऊ दे. लेकरू व्हतीस. पन चार दिस झाले तुला कळून?”

“हो.”

“आन् गप बसलीस?”

“तुला वाईट वाटंल म्हणून.”

“मला वाईट वाटंल म्हनून?” ती सुजलेला हात माझ्यापुढं धरून म्हणाली, “मंग हे काय गोड वाटायलंय व्हय?” आणि ती हसली. मी मात्र रडले. ती म्हणाली, “आता रडून काय व्हतंय. उद्या माझ्या जागी तू जा. सगळ्यायला सांग. माझ्या तोंडानं न्हाई, तुझ्या तोंडानं सांग.”

ते सांगणं माझ्या आजवरच्या सगळ्या तोंडी परीक्षांपेक्षा अवघड गेलं. दुसऱ्या दिवशी दिवसभर वेचताना मनात वाक्यं जुळवत होते. संध्याकाळी टोळी नेहमीप्रमाणं सडक ओलांडून डाव्या कडेला आली आणि मी म्हणाले, “आजपासून उजवीकडून चालायचं.”

सुमनकाकू थांबलीच. “अगं बाई! दहा वर्सं डावीकडनं चालवलंस, आता उजवीकडनं? पुढल्या साली काय, सडकंच्या मधून चालायचं व्हय?”

“चूक माझी होती काकू. भिंतीवरचा नियम सायकलीचा होता. मी तो आपल्याला लावला.”

कुणी हसलं नाही. कौसाआजी माझ्याकडं बारीक डोळ्यांनी बघत होती. तिनं आपला भारा खाली टाकला. “हे घे डोक्यावर. मंग सांग.”

मला वाटलं ती रागावली. तिच्या मनात काय होतं ते पुढं कळलं. भारा दोघींनी मिळून माझ्या डोक्यावर चढवला आणि मी डाव्या कडेनं निघाले. खरं सांगते, तोवर मी असा भारा घेऊन सडकेवरून कधी चालले नव्हते. माय मला घेऊ द्यायची नाही, मान आखडंल म्हणायची. गवत कानांवर आलं आणि जगाचा आवाजच बंद झाला. माझ्याच श्वासाची नि गवताची खसखस. गाडीचा कानोसा घ्यावा तर ऐकू येईना, मान वळवावी तर वळेना. वळायचं तर अंगासकट वळावं लागत होतं आणि तसं वळलं की भारा रस्त्यावर आडवा होत होता. शे-दीडशे पावलं चालले असेन. एक मोटारसायकल कोपराजवळून सूं करून गेली. ती येताना मला काहीच कळलं नाही, ती गेलेली फक्त कळली.

दहा वर्षं माय अशी चालत होती. आंधळ्याबहिऱ्यासारखी, माझ्या शब्दावर.

“आता पलीकडनं,” कौसाआजी म्हणाली. आम्ही थांबून, दोन्हीकडं बघून सडक ओलांडली आणि मी उजव्या कडेनं चालायला लागले. ऐकू तर इथंही येत नव्हतं. पण समोरचा रस्ता बोरीपर्यंत उघडा होता. एक जीप येताना दिसली, सुपारीएवढी, मग नारळाएवढी. पाय चाचपून मुरमात उतरायला मला भरपूर वेळ मिळाला. जीप गेली, मी परत वर आले. एवढंच. त्यात मोठं काही नव्हतं. आणि तेच तर हवं होतं.

कौसाआजीनं भारा माझ्याकडून घेतला, स्वतःच्या डोक्यावर चढवून घेतला, चार पावलं टाकली आणि म्हणाली, “अगं बया, समदंच दिसायलंय की!”

मग ती मधेच थांबली. गावाकडं बघितलं, मागं रानाकडं बघितलं. “थांबा गं. आपलं रान हिकडंच. गाव बी हिकडंच. मंग सांजच्याला भारा घेऊन सडक वलांडायचं कामच काय हाय?”

दहा वर्षं रोज संध्याकाळी, डोक्यावर भारे घेऊन, त्या दोनदा सडक ओलांडत होत्या. रानापाशी एकदा, गावापाशी एकदा. फक्त डावी बाजू मिळावी म्हणून. सुमनकाकूनं कपाळावर हात मारला. “सडकबाई, तुझं भलं होवो! घर आमचं हिकडं आन् तू आमाला पाव्हन्यागत तिकडनं फिरवून आणलंस!”

त्या हसायला लागल्या. हसू थांबेना. मी त्यांच्याबरोबर हसले आणि मला वाटलं, माझी चूक या बायांनी भाऱ्यासारखी माझ्या डोक्यावरून उतरवून घेतली.

पुढचं सगळं त्यांनीच शोधलं. सकाळी मात्र उजवी बाजू धरायला दोनदा ओलांडावं लागतं, पण तेव्हा डोकं मोकळं असतं, उजेड असतो. पूर्वी एक बाई ओलांडायची आणि बाकीच्या तिच्या मागं एकेक पळायच्या, शेवटची नेहमी गाडीच्या तोंडी. आता सगळ्या कडेला आडव्या रांगेत उभ्या राहतात, सरळ रस्ता दिसतो अशा ठिकाणी, आणि एकदमच ओलांडतात. पुढच्या बाईनं भारा घ्यायचा नाही, तिच्या वाटचं गवत बाकीच्यांनी आपल्या भाऱ्यांत न्यायचं. गाडी दिसली की तिनं हात वर करायचा आणि सगळ्यांनी मुरमात उतरायचं. वाटेवरच्या पुलाजवळ मुरूम नाही, तिथं दोन्हीकडून सडक मोकळी झाल्याशिवाय पूल धरायचाच नाही. हे कुठल्या फळ्यावर नव्हतं. कापूस वेचायचं पांढरं धडपं घरी येताना भाऱ्यावर, पुढचीनं डोक्याला, बांधायचं, ही युक्ती मायची. मनगट बरं होऊन ती परत आली त्या दिवशी म्हणाली, “दिसभर पांढरं वेचायचं आन् अंधारात काळं व्हऊन घरी यायचं, ह्याला काय अर्थ हाय?”

ती धडपी बांधलेल्या त्यांना मी एकदा लांबून बघितलं. सांजवेळी नुसते नऊ पांढरे ठिपके, एका ओळीत, वर-खाली होत येणारे. फुटलेला कापूसच चालत घरी निघाल्यासारखा.

आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, मी मायला नियम दिला होता, कारण दिलं नव्हतं. मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. गाडी दिसली पाहिजे आणि गाडीवाल्याला आपण दिसलो पाहिजे, एवढंच ते कारण. भारा डोक्यावर घेतल्याबरोबर ते मला पायांतून कळलं. हल्ली वर्गात एखादी गोष्ट समजली नाही तर मी हात वर करते. आवाज अजून थोडा कापतो. पण हात वर जातो.

त्याच सुट्टीत शाळेतल्या बाईंना विचारून मी त्या भिंतीवर रंगानं एक चित्र काढलं. सायकलीच्या पलीकडं, रस्त्याच्या उजव्या कडेला, डोक्यावर भारा घेतलेली बाई, तोंड गाडीकडं. मला चित्र बरं येत नाही. सुमनकाकू बघायला आली आणि म्हणाली, “हिचं नाक कौसाआजीचं काढलंस काय गं? गाडीच्या आधी नाकच पोचंल.” कौसाआजी मात्र रोज येताजाता त्या बाईकडं बघते असं माय सांगते. मायचा फोन आला की शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो. “सडकंचं आनखी काय बदललंय का? बदललं तर तवाच सांग बाई. चार दिस थांबू नगंस.”

पुंजका ओढणीला चिकटला त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळची पहिली बस धरून मी गावाकडं निघाले. दाराच्या बाजूची, खिडकीची जागा मिळाली. झरी गेली. धुकं विरत होतं, दोन्हीकडं रानं पांढरी झालेली. आमच्या रानाच्या थोडं पुढं बस गेली आणि लांबवर, बसच्याच बाजूच्या कडेला, ओळ दिसली. सदरे, दस्त्या, हातात भाकरीची गठुडी. सगळ्या बसकडं तोंड करून येत होत्या. यंदा कौसाआजी दुसरी होती, सगळ्यांच्या पुढं नव्हती. माय होती.

मी खिडकीतून हात बाहेर काढणार होते, पण थांबले. बस अजून बरीच लांब असतानाच मायनं हात वर केला. मागच्या सगळ्या जणी एकामागून एक मुरमात उतरल्या. माय सगळ्यात शेवटी उतरली, पाय न चाचपता, घराचा उंबरा उतरावा तशी. मला वाटलं, आता तिला मी दिसेन. बस तिच्या अगदी जवळून गेली. माझी खिडकी तिच्यापासून दोन हातांवर होती, मी हसतही होते.

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघत होती.